दुबळा जंतू नावाची समजूत

नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा विदर्भातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे येणारा रोगी म्हणजे बैल, नाहीतर गाय-म्हैस. कोंबडी परसातली. चार-सहा पक्षी उकिरडा उकरत हिंडायचे, मानमोडी आली की आठवड्याभरात खुराडं रिकामं व्हायचं आणि त्यासाठी कुणी डॉक्टर गाठत नसे. १९५०-५१ साली सगळ्या देशात मिळून वर्षाला १८३ कोटी अंडी निघत. २०२३-२४ मध्ये ती १४,२७७ कोटी झाली. परसातली कोंबडी शेडमध्ये गेली, तिचं खाणं गोणीत आलं आणि गोणीत औषध आलं. औषधामागोमाग एक समजूतही आली. ती पुसायला जवळजवळ पाऊणशे वर्षं लागली, आणि पुरती पुसली गेली आहे असं आजही छातीठोकपणे म्हणवत नाही.

समजूत अशी: औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात खरे, पण त्या खटाटोपात ते स्वतःच खंगतात. रोग करायची त्यांची ताकद घटते. औषध थांबवलं की साधे, धडधाकट जंतू त्यांना मागे सारतात आणि सगळं पूर्ववत होतं. ही कल्पना अगदीच खुळी नव्हती, काचपात्रात ती पुष्कळदा खरी ठरायची. नवं जनुक सांभाळायचं तर जंतूची शक्ती खर्च होते आणि वाढ मंदावते, इतपत गोष्ट बरोबरच आहे. पण ती टिकून राहिली ते बरोबर होती म्हणून कमी आणि सोयीची होती म्हणून जास्त.

औषध कोंबडीच्या खाद्यात पडलं ते अपघातानं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्या हाताखाली बेंजामिन डगर यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन काढलं आणि १९४८ मध्ये ते जगापुढे आलं. सुब्बाराव त्याच ऑगस्टमध्ये गेले. त्या औषधाचं पुढं कोंबड्यांच्या बाबतीत काय झालं, ते पाहायला ते उरले नाहीत.

त्याच संस्थेत थॉमस ज्यूक्स कोंबडीच्या पिल्लांवर वेगळंच काम करत होते. सोयाबीनवर वाढवलेली पिल्लं नीट भरत नसत. त्यांना बी-१२ जीवनसत्त्व लागे आणि ते यकृताच्या अर्कातून मिळवणं महागात पडे. ज्यूक्स यांनी स्वस्त पर्याय म्हणून ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेला चोथा पिल्लांना घालून पाहिला. १९४८ च्या नाताळच्या दिवशी, मदतनीस सुट्टीवर असताना, त्यांनी स्वतःच पिल्लं तोलली. चोथा खाल्लेली पिल्लं सगळ्यांत वजनदार निघाली, आणि नुसत्या बी-१२ च्या हिशेबात ती वाढ बसत नव्हती. चोथ्यात औषधाचा अंश शिल्लक होता. १९५० मध्ये हे जाहीर झालं. १९५१ मध्ये अमेरिकी सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात प्रतिजैविकं घालायला परवानगी दिली. आजारी नसलेल्या पक्ष्याला आयुष्यभर थोडं थोडं औषध, तेही वजनासाठी!

त्याच वर्षी, १९५१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या स्टार आणि रेनॉल्ड्स यांनी स्ट्रेप्टोमायसिन खाल्लेल्या टर्कींच्या आतड्यांत काही दिवसांतच औषधाला न जुमानणारे जंतू सापडल्याचं लिहून ठेवलं. धोक्याची घंटा इतक्या लवकर वाजली होती. तिच्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही, कारण हे जंतू आतड्यातले साधे रहिवासी, रोगट नव्हेत, असं मानलं गेलं. ज्यूक्स तर आयुष्यभर खाद्यातल्या औषधांची बाजू मांडत राहिले.

समजुतीला पहिला तडा जपानमध्ये गेला. १९५९ च्या सुमाराला तिथे हगवणीचे जंतू एकदम तीन-चार औषधांना दाद देईनासे झाले होते. अकिबा आणि ओचिआई यांनी दाखवलं की ही शक्ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे नुसत्या सहवासानं जाते, तीही जात बदलून: आतड्यातल्या ई. कोलायकडून हगवणीच्या जंतूकडे. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये ही हकिकत इंग्रजीत सविस्तर मांडली आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञ खडबडून जागे झाले. जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर डीएनएचं एक छोटं वर्तुळ असतं, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. एका घरून दुसऱ्या घरी सहज नेता येणारं बोचकंच ते. एका औषधाविरुद्धचं जनुक त्यात असतं, बरोबर दुसऱ्याचं, तिसऱ्याचंही. एका औषधाच्या माऱ्यानं जंतूनं बोचकं जवळ धरलं, की बाकीचं सामान फुकटात घरात येतं.

ब्रिटनमध्ये १९६९ साली मायकेल स्वान यांच्या समितीनं शिफारस केली की माणसाच्या उपचारात लागणारी औषधं जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. पण ती समिती औषध चालत नाही एवढ्याच प्रश्नापुरती बोलत होती. बोचक्यात आणखी काय बांधलेलं आहे, हे कळायला पाच वर्षं जायची होती.

हर्बर्ट विल्यम्स स्मिथ हे इंग्लंडमधले पशुवैद्य. मोठमोठ्या सिद्धान्तांपेक्षा जिवंत पिल्लांवर भरवसा ठेवणारा माणूस. १९७४ मध्ये त्यांनी ई. कोलायच्या रोगट जातींत असा एक प्लाझ्मिड शोधला की जो आला की जंतू मारक होतो आणि काढून घेतला की त्याचा मारकपणा उतरतो. कोलिसिन-व्ही नावाचं द्रव्य बनवण्याचं जनुक त्यावर होतं, म्हणून नाव पडलं कोल-व्ही. १९७९ मध्ये आणखी दोन गोष्टी कळल्या. पीटर विल्यम्स यांनी दाखवलं की कोल-व्हीमुळे जंतूला शरीरातलं लोह ओढून घेता येतं. रक्तात मोकळं लोह जवळजवळ नसतं आणि त्याशिवाय जंतूला वाढता येत नाही, म्हणजे हा केवढा फायदा! दुसऱ्या एका गटानं दाखवलं की याच प्लाझ्मिडवरच्या एका जनुकामुळे रक्तद्रवाच्या माऱ्यातूनही जंतू तगतो. विखाराचं सामान आणि औषधप्रतिकाराचं सामान सारख्याच पद्धतीनं हिंडतं, हे आता उघड झालं.

दरम्यान अमेरिकेत बॉस्टनजवळ स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावर प्रयोग मांडला होता. तीनशे कोंबड्या, त्यांतल्या निम्म्यांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन. १९७६ मध्ये निष्कर्ष छापून आले. औषध खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेत थोड्याच दिवसांत टेट्रासायक्लिनला न जुमानणारे जंतू भरून गेले. काही महिन्यांनी तेच जंतू, कधीही न दिलेल्या इतर औषधांनाही दाद देईनात. पाच-सहा महिन्यांत हे जंतू शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटातही पोचले, आणि त्या माणसांनी तर एकही गोळी घेतली नव्हती. बोचकं कोंबडीच्या शेडमधून माणसाच्या घरात गेलं होतं.

हे सगळं घडत होतं त्याच दशकात आपल्याकडे कोंबडी शेडमध्ये शिरत होती. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली आणि पुढे पुणे हे तिचं केंद्र झालं. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं अंडी उत्पादकांची नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. संडे असो की मंडे, रोज अंडे, हे घोषवाक्य घराघरांत गेलं. विदर्भात अमरावती आणि नागपूरच्या आसपास शेड उभे राहिले. पुढे करार पद्धत आली: पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची, मोबदला किलोवर. या पद्धतीत खाद्याच्या गोणीत नेमकं काय आहे, हे शेड चालवणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. म्हणून औषधाच्या अतिरेकाचं खापर शेतकऱ्याच्या डोक्यावर फोडणारे लेख वाचताना मला राग येतो. एका लॉटमध्ये मर वाढली की त्याचा वीजबिलाचा पैसाही निघत नाही. दुकानदार जे देईल ते तो पाण्यातून सोडतो.

मर वाढते म्हणजे काय होतं, ते शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसतं. तीन-चार आठवड्यांचा ब्रॉयलर, छातीवर मांस चांगलं भरलेलं. पोट उघडलं की यकृतावर पिवळसर पांढरा पापुद्रा चढलेला, चिमट्यानं सोलून निघणारा. हृदयाभोवतालचं आवरण जाड, दुधाळ, हृदयाला चिकटलेलं. श्वासाच्या पिशव्या एरवी पाण्याच्या फुग्यासारख्या आरपार दिसतात, इथं त्या गढूळ, आत चिजासारखे गोळे. हा ई. कोलायचा कोलिबॅसिलोसिस. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, शेडमध्ये पक्षी चोच उघडून धापा टाकतात आणि उष्णतेनं प्रतिकारशक्ती खालावते. एरवी आतड्यात गुण्यागोविंदानं राहणारा जंतू अशा वेळी फुप्फुसातून रक्तात उतरतो.

अशा पक्ष्याच्या यकृतातून नमुना घेऊन मॅकॉन्की माध्यमावर रेघ ओढली, की दुसऱ्या दिवशी गुलाबी वसाहती उगवतात. मग त्या जंतूची दुसऱ्या ताटलीवर पेरणी करून वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या. औषध चालत असेल तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं, चालत नसेल तिथे जंतू चकतीला टेकून वाढतो. ही झाली प्रतिकाराची चाचणी. रोगकारकतेची एक साधी चाचणी वेगळीच आहे. १९८६ मध्ये बर्कहॉफ आणि विनाल यांनी सुचवलं की काँगो रेड हा रंग माध्यमात घातला तर पक्ष्यांना मारणाऱ्या ई. कोलायच्या वसाहती लाल होतात, निरुपद्रवी जंतूंच्या फिक्या राहतात. चाचणी स्वस्त, त्यामुळे आपल्याकडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही ती रुळली. ती शंभर टक्के भरवशाची नाही, हेही खरं. गंमत अशी की कित्येक वर्षं या दोन ताटल्या शेजारी ठेवून वाचायची फारशी पद्धत नव्हती. औषध कोणतं लागू पडतं हे डॉक्टरला हवं असतं, जंतू किती विखारी हे शोधनिबंधाला. दोन प्रश्नांचं उत्तर एकाच प्लाझ्मिडमध्ये असू शकतं, हा विचार मागे पडला.

अमेरिकेत लिसा नोलन आणि टिमोथी जॉन्सन यांच्या गटानं तो धसास लावला. पक्ष्यांना मारणाऱ्या एका ई. कोलायमध्ये त्यांना दोन प्लाझ्मिड सापडले, एक कोल-व्हीचा आणि एक औषधप्रतिकाराचा, आणि हे दोघं जोडीनं दुसऱ्या जंतूकडे जात. २००६ मध्ये त्यांनी असे प्लाझ्मिड एका निरुपद्रवी ई. कोलायला देऊन पाहिले. तो साधा जंतू अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भाला मारू लागला, माणसाच्या लघवीत जोमानं वाढू लागला आणि उंदराच्या मूत्रपिंडात ठाण मांडून बसला. २०१८ मध्ये सिंडी लिऊ, लान्स प्राइस आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावच्या दुकानांतलं मांस आणि तिथल्याच रुग्णालयातल्या मूत्रसंसर्गाच्या रुग्णांचे नमुने ताडून पाहिले. ई. कोलायच्या एका विशिष्ट जातीत कोंबडीकडची कोल-व्हीची खूण माणसांच्या नमुन्यांतही निघाली.

तरीही दुबळेपणाचा मुद्दा उरतोच: हे ओझं जंतूला परवडतं कसं? १९८८ मध्ये बूमा आणि लेन्स्की यांनी एका प्लाझ्मिडसह ई. कोलाय पाचशे पिढ्या वाढवला. सुरुवातीला प्लाझ्मिडमुळे जंतू मागे पडत होता. पाचशे पिढ्यांनंतर प्लाझ्मिड नसलेल्यापेक्षा असलेलाच सरस ठरला. जंतूनं ओझ्याशी जुळवून घेतलं होतं. जंतूच्या पाचशे पिढ्या म्हणजे काही आठवडे, जवळपास ब्रॉयलरचं एक आयुष्य.

कोंबडीच्या पोटातला निर्णायक प्रयोग २००५ चा. आयोवातले चिजिंग झांग आणि सहकाऱ्यांनी कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू घेतला. माणसात तो जुलाब करतो, कोंबडीत बिनतक्रार राहतो. त्याच्या दोन जाती, एक फ्लुरोक्विनोलोन गटाच्या औषधाला दाद न देणारी आणि एक देणारी, त्यांनी एकाच कोंबडीच्या आतड्यात सोडल्या. औषध अजिबात दिलं नाही. समजुतीप्रमाणे प्रतिकारक जंतू हरायला हवा होता. झालं उलटं: बहुतेक वेळा तोच जिंकला. औषध बंद केलं की सगळं आपोआप सरळ होईल, या म्हणण्याला इथे खिंडार पडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेनं याच गटातल्या एन्रोफ्लॉक्सासिनची कोंबड्यांसाठीची परवानगी काढून घेतली. आपल्याकडे 'एन्रो' हा शब्द पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी इतका रुळलेला होता की पूर्ण नाव कुणी घेतही नव्हतं.

आता कोलिस्टिन. १९५० च्या सुमारास जपानमध्ये सापडलेलं औषध, मूत्रपिंडाला अपाय करतं म्हणून माणसांच्या उपचारातून जवळजवळ बाद झालेलं. जनावरांसाठी मात्र स्वस्त, त्यामुळे भारतातही पोल्ट्रीत ते सर्रास चाललं. पुढे रुग्णालयांतले जंतू कार्बापेनेम गटाच्या जालीम औषधांनाही दाद देईनात, तेव्हा डॉक्टरांना शेवटचा उपाय म्हणून याच जुन्या औषधाकडे वळावं लागलं. तोवर ते कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात उतरून बसलेलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी एमसीआर-१ हे कोलिस्टिनप्रतिकाराचं जनुक चक्क प्लाझ्मिडवर सापडल्याचं जाहीर केलं. चीननं २०१७ मध्ये वाढीसाठीचा कोलिस्टिनचा वापर थांबवला. भारत सरकारचा आदेश जुलै २०१९ मध्ये निघाला: अन्नासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मत्स्यपालन आणि पशुखाद्याच्या पूरकांसाठी कोलिस्टिन बनवायचं नाही, विकायचं नाही, वाटायचं नाही, आणि तसा इशारा वेष्टनावर ठळक छापायचा.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते बरीच कामं झाली. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा, मेट्रो, एम्स, बिलासपूरची वंदे भारत. त्याच दिवशी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थची कोनशिला बसली. बोलबाला साहजिकच रस्त्याचा आणि मेट्रोचा झाला. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र पाहणारी ही संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची. पशुविज्ञानाचं विद्यापीठ, म्हणजे माफसू, नागपुरात २००० पासून आहेच. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले, कोंबडीच्या मांसातून लागण झाल्याचा संशय बोलला गेला, तेव्हा अशी संस्था इथे का हवी हे वेगळं सांगावं लागलं नाही. विषाणूनं वाघ मारला की मोठी बातमी होते. ई. कोलायची बातमी होत नाही, कारण तो रोज थोडं थोडं मारतो.

कोनशिला बसल्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये, ऑक्सफर्डच्या क्रेग मॅक्लीन यांच्या गटानं समजुतीच्या थेट मुळाशी हात घातला. कोलिस्टिन हा मुळात एक छोटा पेप्टाइड. एका जंतूनं दुसऱ्या जंतूंविरुद्ध बनवलेला. त्याच्यावर धन भार असतो, जंतूच्या बाह्य आवरणावर ऋण. त्यामुळे तो आवरणाला चिकटतो आणि ते फोडतो. एमसीआर-१ हे जनुक त्या आवरणाचा ऋण भार कमी करतं, म्हणून औषध चिकटत नाही. पण कोंबडी, डुक्कर आणि माणूस यांच्या शरीरातही जंतूंविरुद्धचे पेप्टाइड असतात आणि त्यांचीही रीत पुष्कळ अंशी हीच. मॅक्लीन यांनी ते ई. कोलायवर वापरून पाहिले. एमसीआर-१ असलेला जंतू या पेप्टाइडांना सरासरी ६२ टक्के जास्त तोंड देत होता. माणसाच्या रक्तद्रवातही तो निदान दुपटीनं तगत होता. मेणपतंगाच्या अळ्यांत त्याचा मारकपणा वाढलेला दिसला. कोलिस्टिनच्या माऱ्यात टिकून राहण्याचा जो उपाय जंतूनं कोंबडीच्या शेडमध्ये शिकला, तोच उपाय शरीराच्या स्वतःच्या संरक्षणाविरुद्धही चालला. आधी, २०१७ मध्ये, हे जनुक फार जोरात चाललं की जंतू खरोखरच दुबळा होतो, असंही दिसून आलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. निसर्गात ज्या जंतूंनी ते बेतानं चालवलं, तेच मागे उरले.

चीनमध्ये बंदीनंतर एमसीआर-१ चं प्रमाण डुकरांत आणि माणसांतही लक्षणीय घटलं, तेव्हा बंदी वाया गेली असं कुणी म्हणू नये. प्रश्न आपल्या शेडमधल्या बाकीच्या औषधांचा आहे. एमसीआर-१ वाहणाऱ्या जंतूंत इतर औषधांविरुद्धची जनुकंही वारंवार सापडतात. असा जंतू ज्या लॉटमध्ये शिरला आहे, तिथे खोकला दिसला म्हणून पाण्यातून टेट्रासायक्लिन सोडलं, की वेष्टनावर कोलिस्टिनचं नावही नसताना एमसीआर-१ पोसलं जातंच.